मालाला मालक असतो, माहितीला कोण? उमरखेडच्या गोदामातून पीआयएमची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलतानाची अडखळणी काढली आहेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय नावावरून कोरडा वाटेल: प्रॉडक्ट इन्फर्मेशन मॅनेजमेंट, म्हणजे पीआयएम. कंपनी जो माल विकते, त्या मालाबद्दलची सगळी माहिती एका जागी, एकाच खऱ्या रूपात ठेवायची व्यवस्था. यूट्यूबवर याची उदाहरणं बहुतेक बूट, टीशर्ट आणि मोबाइल कव्हरची असतात. साइज चुकला तर माल परत येतो, संपलं. मी आज उदाहरण घेणार आहे आमच्या उमरखेडचं, आणि तेही शेती औषधांचं. इथे साइज चुकत नाही, मात्रा चुकते. आणि चुकलेली मात्रा परत येत नाही.

काउंटरवरचा संवाद

उमरखेड यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. पैनगंगेच्या पलीकडे नांदेड जिल्हा. कापूस, सोयाबीन, तूर, हळद, ऊस हे सगळं तालुक्यात आहे. जून ते सप्टेंबर कृषी सेवा केंद्रात उभं राहायला जागा नसते. ढाणकी, विडूळ, मुळावा, बिटरगाव, कुठून कुठून लोक आलेले असतात. अशाच एका वितरकाकडे मी पीआयएमचं काम केलं. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. त्यांच्याकडून आसपासच्या दुकानांना बियाणं, खत आणि औषधं जातात.

पहिले दोन दिवस मी लॅपटॉप उघडलाच नाही. काउंटरच्या बाजूला स्टूल टाकून बसलो आणि फक्त ऐकलं.

"भाऊ, मागच्या बारीला नेलं होतं ते द्या, निळ्या झाकणाचं."

"अळीचं की तुडतुड्याचं?"

"अळीचं. शेजाऱ्यानं मारलं तेच."

पोरानं रॅकवरून बाटली काढली, बिल झालं, माणूस गेला. बिलावर जे नाव छापलं गेलं ते वेगळं. गोदामाच्या वहीत त्याच बाटलीचं नाव आणखी वेगळं. आणि शेतकऱ्याच्या डोक्यात तिचं नाव "निळं झाकण".

आता गंमत बघा. झाकणाचा रंग कंपनी आपल्या मर्जीनं ठरवते, त्याला काही अर्थ नाही. ज्या रंगाला अर्थ आहे तो लेबलवरच्या तिरक्या चौकोनात, खालच्या त्रिकोणात असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा मध्यम, हिरवा कमी. हे कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये ठरवून दिलंय आणि त्यामागे आकडे आहेत. तोंडावाटे दिलेल्या ज्या मात्रेनं प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात, ती शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असली तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. म्हणजे निळ्या झाकणाच्या बाटलीवर लाल त्रिकोण असू शकतो. आणि आपल्या रॅकवर कोणत्या बाटलीला कोणता त्रिकोण आहे, हे त्या दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.

हे एवढं गंभीरपणे का घ्यायचं

२०१७ साल आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात वॉर्ड भरले होते. सरकारनं चौकशीसाठी विशेष पथक नेमलं. नंतर यवतमाळसह पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदीही आली होती.

कारण एकच नव्हतं. कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढलेली, दमट उकाडा, तोंडाला साधा रुमालही नाही, एका पंपात दोन-तीन औषधं मिसळलेली. पीआयएम असतं तर हे टळलं असतं असं मी अजिबात म्हणणार नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी असले दावे करू नयेत.

पण एक गोष्ट माझ्या कामाच्या हद्दीतली आहे. विषबाधेचा माणूस दवाखान्यात आला की डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो: काय फवारलं? याचं उत्तर "निळं झाकण" असेल तर त्याचा काही उपयोग नाही. ब्रँडचं नावही अर्धंच उत्तर आहे. डॉक्टरांना लागतं ते तांत्रिक नाव, म्हणजे आत नेमकं कोणतं रसायन आहे ते. मोनोक्रोटोफॉससारखं ऑरगॅनोफॉस्फेट असेल तर अॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम ही औषधं आहेत. पायरेथ्रॉइड असेल तर खास असा उतारा नाही, लक्षणं बघून उपचार करावे लागतात. ही माहिती प्रत्येक बाटलीसोबत छापील येते. ती बाटली शेतात राहते, घडीपत्रक खोक्यातच राहतं आणि माणूस दवाखान्यात येतो. त्याच्या खिशात असतं ते बिल. आणि बिलावर काय छापायचं हे दुकानाचं सॉफ्टवेअर ठरवतं. या कामात जीव ओतावा असं मला वाटलं ते इथे.

पीआयएम म्हणजे काय, आणि काय नाही

मालक काकांचा पहिला प्रश्न रास्त होता: "टॅली आहे ना आपल्याकडे, मग हे दुसरं कशाला?"

मी त्यांना असं सांगितलं. टॅली पैशांची आणि साठ्याची वही आहे. किती आलं, किती गेलं, कुणाकडे किती उधारी. गोदामाची नोंद बॅचची असते: कोणत्या लॉटची मुदत कधी संपते. पीआयएम यातलं काहीच करत नाही. ते फक्त एका प्रश्नाचं उत्तर देतं: ही वस्तू म्हणजे नेमकं काय? तांत्रिक नाव, टक्केवारी, प्रकार, कंपनी, वजन, कोणत्या पिकावर, कोणत्या किडीवर, किती मात्रा, त्रिकोणाचा रंग, उतारा, जीएसटी, एचएसएन कोड, फोटो, मराठी नाव. हे उत्तर एकदाच लिहायचं आणि तिथून ते टॅलीला, बिलाला, काउंटरच्या स्क्रीनला, व्हॉट्सअॅपच्या यादीला पुरवायचं.

थोडक्यात, साठा बदलतो रोज, भाव बदलतो हंगामाला आणि ओळख बदलते क्वचित. तिन्ही एकाच खान्यात कोंबलं की गोंधळ सुरू.

पहिली पायरी: आधी पंचनामा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी सॉफ्टवेअर निवडणं. आधी मोजा की माहिती आत्ता कुठे कुठे राहते. आमच्याकडे चार जागा निघाल्या. टॅलीतली यादी, गोदामाची एक्सेल, कंपन्यांनी पाठवलेल्या पीडीएफ दरपत्रिका आणि मुनीमजींची वही. सगळ्यात बरोबर वही होती, आणि ती कुणालाच शोधता येत नव्हती.

एक्सेलचा एक किस्सा सांगतो, कारण खताच्या धंद्यात प्रत्येकाला हा भेटणार आहे. खताची ग्रेड आपण १०:२६:२६ अशी लिहितो. म्हणजे नत्र १० टक्के, स्फुरद २६, पालाश २६. एक्सेलला वाटतं ही वेळ आहे, सकाळचे दहा वाजून सव्वीस मिनिटं सव्वीस सेकंद. आतमध्ये ते ०.४३५०२ असा आकडा साठवतं. १२:३२:१६ दुपारचे साडेबारा होऊन जातात. डीएपीचं १८:४६:० संध्याकाळचे पावणेसात. पण २०:२०:०:१३ ला चार भाग असल्यामुळे ते शाबूत राहतं. म्हणजे काही खतं खत राहतात आणि काही घड्याळ होतात. फाइल दुसऱ्या सिस्टीममध्ये टाकली तेव्हा निम्म्या खतांच्या ग्रेडच्या जागी दशांश अपूर्णांक आले. उपाय सोपा आहे: तो कॉलम टाइप करायच्या आधीच "टेक्स्ट" करा. आणि शक्य असेल तर नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक असे चार वेगळे खाने ठेवा. मग "गंधक असलेली खतं दाखव" हेही विचारता येतं.

दुसरी पायरी: एका वस्तूची एकच ओळख

दोन नोंदी एकाच वस्तूच्या आहेत की दोन वेगळ्या वस्तूंच्या? सगळा पीआयएम या प्रश्नावर उभा असतो. आणि इथेच माझ्या हातून चूक झाली.

इमामेक्टिन बेन्झोएट हे अळीसाठीचं औषध बाजारात ५% एसजी म्हणून मिळतं, ते दाणेदार, विरघळणारं. आणि १.९% ईसी म्हणूनही मिळतं, ते द्रव. माझ्या प्रोग्रामनं तांत्रिक नाव सारखं दिसलं म्हणून दोन्ही नोंदी एक करून टाकल्या. झालं काय, दाणेदार औषधाची ग्रॅममधली मात्रा द्रवाच्या बाटलीखाली दिसायला लागली. दुकानांपर्यंत जायच्या आधी मुनीमजींनी पकडलं. ते फक्त एवढंच म्हणाले, "बाळा, पातळ औषध ग्रॅममध्ये कोण मोजतं?" माझ्या कुठल्याच टेस्टमध्ये तो प्रश्न नव्हता.

त्या दिवसापासून औषधाची ओळख सहा गोष्टींची केली: तांत्रिक नाव, टक्केवारी, प्रकार, कंपनी, ब्रँड आणि पॅकचं माप. यातली एकही वेगळी असली तर वस्तू वेगळी. बॅच नंबर यात नाही, तो गोदामाचा.

खतांमध्ये उलटा प्रश्न येतो. ऑक्टोबर २०२२ पासून "एक राष्ट्र, एक खत" योजनेत अनुदानित खतं "भारत" या एकाच ब्रँडखाली यायला लागली. भारत युरिया, भारत डीएपी. पोत्याचं रूप सारखं, कंपनी वेगवेगळी. ब्रँडच्या नावानं जोडायला गेलात तर सगळ्या कंपन्यांचा युरिया एक होऊन बसतो. मापाचंही तसंच. युरियाचं पोतं पूर्वी ५० किलोचं होतं, २०१८ मध्ये ते ४५ किलोचं झालं. आमच्या यादीत "युरिया ५०" हे नाव अजून जिवंत होतं आणि त्याखाली माल मात्र ४५ किलोचा विकला जात होता. कुणी फसवत नव्हतं, कुणी बदललं नव्हतं एवढंच.

बारकोडबद्दल एक ओळ. ८९० नं सुरू होणारा नंबर म्हणजे भारतात बनलेला माल, असा समज आहे. तसं नाही. त्याचा अर्थ एवढाच की तो नंबर जीएस१ इंडियाकडे नोंदलेला आहे. आणि सुट्या बाटलीचा नंबर आणि खोक्याचा नंबर वेगळा असतो. दोन्ही नोंदवून एकमेकांना जोडा.

तिसरी पायरी: काय साठवायचं, काय काढायचं

आता मात्रा. लेबलवर मात्रा हेक्टरी असते. आपला शेतकरी एकरात बोलतो आणि मोजतो पंपात. मग दुकानदार म्हणतो, "पंपाला इतकं टाका." कोणता पंप? १५ लिटरचा, १६ चा की २० चा?

आमच्या जुन्या यादीत "मात्रा प्रति पंप" असा एकच खाना होता. तो आम्ही काढून टाकला. त्याऐवजी लेबलवरचे मूळ दोन आकडे ठेवले: हेक्टरी मात्रा आणि हेक्टरी पाणी. बाकी सगळं हिशोबानं काढायचं. उदाहरणार्थ, कपाशीवरच्या बोंडअळीसाठी इमामेक्टिन बेन्झोएट ५% एसजी हेक्टरी १९० ते २२० ग्रॅम, ५०० लिटर पाण्यात. हेक्टर म्हणजे २.४७ एकर, तेव्हा एकरी साधारण ७७ ते ८९ ग्रॅम. १५ लिटरच्या पंपाला ५.७ ते ६.६ ग्रॅम, २० लिटरच्या पंपाला ७.६ ते ८.८. पॉवर पंपाला पाणीच कमी लागतं, तिथे हा पंपाचा हिशोब तसाच लावता येत नाही, म्हणून स्क्रीनवर तशी सूचना येते. हे समजावण्यासाठीचं उदाहरण आहे. फवारताना हातातल्या बाटलीचं लेबलच बघायचं.

तत्त्व असं की जे मोजून काढता येतं ते साठवू नका. साठवलं की ते शिळं होतं, आणि शिळं झालंय हे कुणालाच कळत नाही.

दुसरी गोष्ट, मात्रा ही औषधाची नसते. ती औषध, पीक आणि कीड या तिघांची मिळून असते. म्हणून ती वेगळ्या तक्त्यात. ज्या पिकाची नोंद लेबलवर नाही, त्या पिकासमोर स्क्रीन रिकामी राहते आणि "या पिकासाठी शिफारस नाही" असं लिहून येतं. काउंटरवरच्या पोराला सुरुवातीला हे आवडलं नाही. गिऱ्हाईक समोर उभं असताना "नाही" म्हणायला जड जातं. पण आता तो स्क्रीन फिरवून दाखवतो. नकार त्याचा राहत नाही, लेबलचा होतो.

चौथी पायरी: प्रत्येक खान्याला मालक

मंडळी, या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: प्रत्येक खान्याला एक मालक, एक उगम आणि एक तारीख हवी. मालक म्हणजे कुणी भरलं आणि चुकलं तर कुणाला विचारायचं. उगम म्हणजे कशावरून भरलं: लेबल, कंपनीचं पत्र की सरकारी अधिसूचना. तारीख म्हणजे कधीपासून लागू.

आम्ही वाटणी अशी केली. तांत्रिक माहिती, मात्रा, त्रिकोण आणि उतारा हे दुकानातल्या कृषी पदवीधर ताईंकडे. एचएसएन आणि जीएसटी हिशोबनीसांकडे. पॅकचं माप, वजन आणि बारकोड गोदामाकडे. मराठी नाव आणि बोलीतलं नाव काउंटरकडे. भाव मालकांकडे. माझ्याकडे काय? काहीच नाही. इंजिनिअरनं एकाही खान्याचा मालक होऊ नये. आपल्याला त्यातलं कळत नाही, आणि आपण उद्या पुण्याला निघून जातो.

तारीख का हवी? २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तो दिवस आठवा. सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि यादीत नावानिशी दिलेली जैविक कीटकनाशकं १२ टक्क्यांवरून ५ वर आली. रासायनिक कीटकनाशकं १८ वरच राहिली. आता अडचण अशी की जैविक काय आणि रासायनिक काय, दोन्हींचा एचएसएन कोड ३८०८ नंच सुरू होतो. ज्यांनी कोड बघून एका फटक्यात दर बदलायला घेतला असेल ते फसले असणार. आपल्याकडे "जैविक की रासायनिक" हा खाना वेगळा असेल तर काम पाच मिनिटांचं. आणि जुना दर पुसायचा नाही. त्याला "२१ सप्टेंबरपर्यंत" अशी तारीख लावायची आणि नव्याला "२२ पासून". कारण ऑगस्टमधलं बिल परत काढायची वेळ येतेच.

बियाण्याच्या भावाचंही तेच. बीटी कापसाच्या बीजी-२ बॅगचा कमाल भाव केंद्र सरकार दरवर्षी ठरवतं. २०२४ ला ८६४ रुपये होता, २०२५ ला ९०१ झाला. तारीख नसलेला भाव म्हणजे अफवा.

आणि बंदीचं काय? मोनोक्रोटोफॉस ३६% एसएलबाबत केंद्रानं २०२३ मध्ये बंदीचा आदेश काढला, पण जुना साठा संपवायला मुदत दिली. म्हणजे "चालू" आणि "बंद" असे दोनच पर्याय पुरत नाहीत. "नवीन खरेदी बंद, जुना साठा अमुक तारखेपर्यंत" असा तिसरा पर्याय लागतो. इथे पीआयएमनं गोदामाच्या बॅचशी बोलावं लागतं. ही जोडणी आधीच कागदावर काढून ठेवा.

पाचवी पायरी: टक्के नाही, फाटक

पीआयएम सॉफ्टवेअरमध्ये "कम्प्लीटनेस" नावाचा आकडा दिसतो. अकेनिओसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तो प्रत्येक भाषेसाठी आणि प्रत्येक चॅनलसाठी वेगळा मिळतो. डॅशबोर्डवर हिरवं ९५ टक्के दिसलं की मॅनेजर खूश. पण उरलेल्या पाच टक्क्यांत उताऱ्याचा खाना असेल तर? फोटोचा खाना आणि उताऱ्याचा खाना, दोन्हींना सारखंच वजन देणारा आकडा आमच्या कामाचा नाही.

म्हणून आम्ही टक्के दाखवणं बंद केलं आणि फाटक बसवलं. तांत्रिक नाव, टक्केवारी, प्रकार, त्रिकोण, उतारा आणि मात्रेचा उगम हे सहा खाने भरल्याशिवाय आणि ताईंची मंजुरी मिळाल्याशिवाय वस्तू काउंटरच्या स्क्रीनवर येतच नाही. फोटो नसला तरी चालतो. आणि लेबलवर "खास उतारा नाही" असं असेल तर तसंच लिहायचं. रिकामा खाना आणि "उतारा नाही" यात जीवन-मरणाचा फरक आहे.

सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर

एवढं झाल्यावर सॉफ्टवेअर निवडणं सोपं होतं. अकेनिओची कम्युनिटी आवृत्ती आहे, पिमकोर आहे. पण वितरकाचा व्याप लहान असेल तर नीट बांधलेला डेटाबेस आणि एक साधा फॉर्मही पुरतो. आम्ही तेच केलं. टॅलीला एक्सएमएलमधून नोंदी देता-घेता येतात, त्यामुळे नाव, कोड आणि कर तिकडे आपोआप जातात. दिशा एकच ठेवली: पीआयएममधून टॅलीत. उलट नाही. दोन्हीकडून बदलायची मुभा दिली की आठवड्यात परत पहिल्यासारखं.

बिलावर आता ब्रँडच्या खाली तांत्रिक नाव आणि त्रिकोणाचा रंग शब्दांत छापतो. आमचा प्रिंटर काळा-पांढरा आहे, म्हणून "लाल" असं लिहून. सगळ्या प्रोजेक्टमधली ही सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे.

कधी करायचं? फेब्रुवारी-मार्चमध्ये. मी पहिल्यांदा जूनमध्ये सुरुवात केली आणि पहिल्या पावसासोबत सगळे मला सोडून काउंटरवर गेले. बरोबरच होतं त्यांचं. आणि एका वेळी एकच गट घ्या. आम्ही आधी कीटकनाशकं घेतली, कारण धोका तिथे जास्त. मग तणनाशकं, मग खतं, शेवटी बियाणं.

एक गोष्ट अजून जमलेली नाही, तीही सांगतो. फवारणारा माणूस बऱ्याचदा विकत घेणारा नसतोच. तो मजूर असतो, बिल त्याच्या हातात येत नाही. कुणाला वाचता येत नाही, तांड्यावर घरात गोरमाटी बोलतात. त्यासाठी प्रत्येक औषधाची अर्ध्या मिनिटाची ध्वनिफीत करायचं चाललंय, मराठीत आणि गोरमाटीत. पीआयएममध्ये तो फक्त आणखी एक खाना आहे. पण तो भरायला माणसं लागतात आणि वेळ लागतो.

श्रोत्यांचे प्रश्न

पहिला प्रश्न: माझं एकच दुकान आहे, मला पीआयएम लागेल का?
सॉफ्टवेअर नाही लागणार. शिस्त लागेल. एक शीट, ओळखीचे सहा खाने आणि प्रत्येक ओळीपुढे "कशावरून" व "कधी" हे दोन कॉलम. तेच तुमचं पीआयएम.

दुसरा: लेबलचा फोटो काढून एआयकडून भरून घेता येईल का?
कच्चा मसुदा म्हणून जरूर. वेळ वाचतो. पण छापील १.९ मधला ठिपका फोटोत गेला की १९ होतं. म्हणून मंजुरीचं बटण माणसाकडेच, आणि मूळ फोटो त्या नोंदीला कायम जोडलेला.

तिसरा: कर्मचारी माहिती भरायला टाळाटाळ करतात, काय करावं?
त्यांच्याकडून भरून घेण्याआधी त्यांना त्यातून काहीतरी मिळू द्या. आमच्याकडे काउंटरचा शोध आधी सुरू केला. "निळं झाकण" टाइप केलं की त्या वर्णनाच्या सगळ्या बाटल्या त्रिकोणासकट समोर येतात, आणि मग पोरगा गिऱ्हाईकाला विचारतो, "यातली कोणती?" हे मिळाल्यावर तोच येऊन सांगायला लागला की दादा, अमक्याला गावात तमकं म्हणतात, तेवढं टाका.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. एक काम देतो. उद्या आपल्या दुकानातल्या, कंपनीतल्या कुठल्याही दहा वस्तू घ्या. प्रत्येकीबद्दल तीन जागी काय लिहिलंय ते बघा: बिलावर, गोदामात आणि प्रत्यक्ष वस्तूवर. तिन्ही जुळणाऱ्या किती निघतात ते मोजा. तो आकडा घेऊन मालकाकडे जा. पीआयएम का हवं, हे मग वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आणि फवारणीचे दिवस आहेत. घरात कुणी जात असेल तर बाटलीवरचा त्रिकोण बघायला सांगा आणि बिल खिशात ठेवायला सांगा. भेटू पुढच्या भागात.